खुर्दाचा शिक्का

"हे दोन एकसारखे कामून?" गुरुलिंगानं यादीवर बोट ठेवलं.

शेषेराव दुकानाच्या बाहेर, बोळातच उभा होता. आत उभं राहायला जागा नव्हती. लातूरच्या गंजगोलाईमागं एका आडतीच्या जिन्याखाली अडीच हात रुंदीचं ते दुकान. एक स्टूल, शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या खणांची पेटी, रबर भाजायचा लोखंडी दाब, आणि या सगळ्यांत घडी घालून ठेवल्यासारखा गुरुलिंग. तीस वर्षं तो इथं रबरी शिक्के करत होता.

"मला काय ठाव कामून?" शेषेराव म्हणाला. "वरून यादी आली. चाळीस म्हंजे चाळीस. सोमवारपस्तोर पायजेत."

"तेवीस नंबर, पाझर तलाव, टेंभुर्णवाडी. चोवीस नंबर, पाझर तलाव, टेंभुर्णवाडी. एका कामाला दोन शिक्के?"

"एक झिजला तर दुसरा."

"रबर पाच वरीस झिजत न्हाई."

"गुरुलिंगप्पा, तुला शिक्के करायला सांगून राहिलो, तपास करायला न्हाई!"

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं. 'जि. उस्मानाबाद' कोरलेले सगळे जुने शिक्के एका दिवसात निकामी झाले, आणि कचेऱ्यांना नवे शिक्के पुरवायचं काम शेषेरावानं धरलं. पाऊस मात्र त्याच सुमारास रुसला. सरकारनं जिल्हा दिला आणि देवानं पाणी काढून घेतलं, असं लोक आडतीच्या कट्ट्यावर बसून म्हणत. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. काम आलं की हजेरीपट आला, हजेरीपट आला की शिक्का आला.

शेषेरावाचा बेत मोठा होता. कलेक्टर कचेरीसमोर त्यानं गाळा पाहून ठेवला होता. विजेवरचा दाब, खिळे जुळवायला दोन माणसं, आणि गुरुलिंग निम्म्याचा भागीदार. तीन वेळा त्यानं विचारलं होतं. तीनही वेळा गुरुलिंग 'बघू' म्हणाला होता.

कारण गुरुलिंगाची कामाची एक रीत होती. ज्याच्या हाती शिक्का राहणार, त्यानं स्वतः यायचं आणि पहिला ठसा गुरुलिंगासमोर उमटवायचा. साहेब येत नसला तर त्याचा शिपाई कागद घेऊन येई. गुरुलिंग कागदाकडं कमी आणि माणसाकडं जास्त बघे. जन्मभर उलटी अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला सरळ गोष्टसुद्धा आधी उलटी करून बघायची सवय लागते. शेषेरावाच्या ठोक कामात माणूस दिसतच नव्हता. दिसायची ती यादी.

तरी रीत मोडून सोमवारी गुरुलिंगानं एकोणचाळीस शिक्के दिले.

"चोवीस नंबर?"

"ज्याला पायजे त्यानं कागद घेऊन यावं."

"आरं, जळकोटच्या पल्याड हाय ते! येष्टीची धूळ खात कोन येईल एका शिक्क्यासाठी?" शेषेरावानं पिशवी उचलली. "तुला वहिमाचा रोग हाय गुरुलिंगप्पा. औषध कर कायतरी."

तो गेला. गुरुलिंगाच्या मनात मात्र चोवीस नंबर घर करून बसला. एक शिक्का कामावर, दुसरा शेषेरावाच्या खिशात. मग न आलेल्या मजुरांच्या हजेऱ्या घरबसल्या भरायला किती वेळ लागतो? आणि शिक्का कुणी केला, तर गुरुलिंगानं!

त्या सांजेला मठात शिवकीर्तन होतं. सोमवारचं कीर्तन गुरुलिंगानं कधी चुकवलं नव्हतं. पाच वाजता दुकानाला फळी लावायची, कपाळाला भस्म लावायचं आणि महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं. टाळ हातात आला की आठवडाभराचा शीण उतरायचा. बोटांतली शाई आणि मनातलं किल्मिष एकदमच धुऊन निघाल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी महाराजांचा आवाज असा लागला होता की गाभाऱ्यातली समईसुद्धा ऐकत असावी. निरूपणात ते म्हणाले, "बाबांनो, दुसऱ्याचं घर अंधारात दिसलं म्हणून तिथं चोरच शिरलाय असं कशावरून? तेल संपलेलं असंल."

सगळे हसले. गुरुलिंगाचा टाळ चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी जगदेवीनं भाकरी वाढली आणि रोजचाच विषय काढला. "आवो, शेषेरावाला हाव म्हना की एकदा. गाळ्याच्या मागं दोन खोल्या हायेत म्हनं. खोलीत नळ हाय."

"नळाला पानी कुठं हाय पन?"

"नसंना! नळ तर हाय! आज ना उद्या येईल. हितं तर टँकरच्या रांगेत हुभं राहून माझ्या टाचा फुटल्या. तुमचं दुकान म्हंजे उंदराचं बीळ, आन तुमी त्यातले राजे."

"मला शेषेरावाचा शक येऊन राहिला."

"तुमाला कोनाचा येत न्हाई?" जगदेवी म्हणाली. "लगीन ठरलं तवा माझ्या बापाला तुमी तीनदा गाव इचारलं होतं."

आठ दिवस त्यानं कळ काढली. नवव्या दिवशी दुकान बंद ठेवून, न केलेल्या शिक्क्याचा तपास करायला तो पहाटेच्या एसटीत बसला. शेषेरावाला रंगेहाथ धरायचं, एवढंच मनात होतं. उदगीरला गाडी बदलली, जळकोटला पुन्हा बदलली, आणि शेवटचे दोन कोस पायी.

टेंभुर्णवाडीच्या ओढ्यात माणसं मुंग्यांसारखी पसरली होती. पाट्या, टिकाव, धूळ. ओढ्यावर वरच्या अंगाला एक बांध पडत होता आणि खालच्या अंगाला दुसरा. गुरुलिंग दोन्हींकडं बघत राहिला. खालच्या बांधावर लिंबाखाली एक कारकून बसला होता.

"मी लातूरहून आलो," गुरुलिंग म्हणाला. "शिक्के करतो."

कारकून ताडकन उठला. "तुमीच का ते? मी पंढरी. आठ दिस झालं तुमची वाट बघून राहिलो! आनला का?"

"वरच्या बांधावर हाय की एक."

"ते बुद्रुक. हे खुर्द!" पंढरीनं कपाळावर हात मारला. "निजामाच्या काळापासून दोन गावं हायेत. ओढ्याच्या वर टेंभुर्णवाडी बुद्रुक, खाली टेंभुर्णवाडी खुर्द. बुद्रुक म्हंजे थोरली, खुर्द म्हंजे धाकली. यादीत कुनी बु.-खु. लिवलं न्हाई काय?"

गुरुलिंगानं खिशातून यादी काढली. तेवीस, टेंभुर्णवाडी. चोवीस, टेंभुर्णवाडी. गाव तेच, नाव तेच, फक्त पुढचं एक अक्षर कुणा लिहिणाऱ्याच्या आळसात गळालेलं. आणि त्या रिकाम्या जागेत त्यानं अख्खा चोर उभा केला होता.

"वरच्याचा शिक्का मागून घ्यायचा," तो कसंबसं म्हणाला.

"मागितला की! त्यो म्हनतो, कुकू आन शिक्का उसना देत नसतेत."

पाटी टेकवून एक बाई जवळ आली. तिच्या पापण्यांवरसुद्धा माती होती. पंढरी म्हणाला, "ही चांगुणा. हिला सांगा तुमीच. माझं कुनी ऐकत न्हाई आता."

"बाबा, वरच्या लोकाला धान्याचं कूपन भेटलं," चांगुणा म्हणाली. "आमच्या कागदाला शिक्का न्हाई म्हनून दुकानदार धान्य देईना. माती तर आमी बी तेवढीच उचलली ना? आमची माती हलकी हाय का?"

गुरुलिंगानं तिला हात जोडले. शिक्केवाल्यानं हात का जोडले हे चांगुणाला कळलं नाही. तिनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो दुकानात होता. खिळे जुळवताना 'खु.' त्यानं दोनदा चाचपला. ओतीव साचा, भाजलेलं रबर, लाकडी मूठ, सगळं हातानं आपोआप होत गेलं. दिवस कलेपर्यंत शिक्का घेऊन तो पुन्हा त्या लिंबाखाली पोचला. पंढरीनं पहिला ठसा त्याच्यासमोर उमटवला. जांभळा, ठसठशीत. चांगुणानं वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यात आमचं गाव हाय ना?"

"हाय. धाकली."

"मग झालं," ती म्हणाली.

शेषेरावाला सगळं समजलं तेव्हा तो भांडायला येईल असं गुरुलिंगाला वाटलं होतं. तो आला तो पेढे घेऊन. "जाऊ दे, झालं गेलं. चूक यादीची होती. पन आता तरी माझा शक गेला का न्हाई? गाळ्याचा करार आनलाय. कर सही."

गुरुलिंगानं पेढा खिळ्यांच्या पेटीवर ठेवला. मग म्हणाला, "शेषेराव, तू खरा हायेस. मी तुला चोर समजलो. पाया बी पडतो पायजे तर. पन सही करनार न्हाई."

"आता कामून?"

"मानूस बघितल्याबिगर माझा हात चालत न्हाई. दिसाला दोन-तीन मानसं मी बघू शकतो. तू चाळीस आनशील. मग मी न बघता शिक्के करीन, आन शक मला खाईल. मला खाऊन त्याचं पोट भरलं तर भरलं, पन या खेपेला त्यानं त्या बाईचं धान्य खाल्लं."

"आरं, मग शक सोड!"

"साठीला आलो. आता काय सुटतंय?" गुरुलिंग हसला. "ज्याला कुनावर एतबार ठेवायला जमत न्हाई त्यानं दुकान लहान ठेवावं. मी खुर्दच बरा."

शेषेरावानं कराराचा कागद घडी करून खिशात घातला. जाताजाता म्हणाला, "आन वहिनीला काय सांगशील? नळाचं?"

गुरुलिंगानं दुकानाची फळी ओढली.

घरी त्यानं सांगितलं. जगदेवी चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबली, काढली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "हं," एवढंच म्हणाली, आणि ताट वाढलं.

टँकर चार वाजता यायचा. दुसऱ्या दिवशी साडेतीनला गुरुलिंगानं दुकानाला फळी लावली, घरातली मोठी घागर घेतली आणि वेशीकडं निघाला. रांगेत सगळ्या बायाच. त्याला बघून कुजबुज झाली, मग हसू फुटलं.

"ओ शिक्केवाले!" शरणम्मा ओरडली. "रांगेला शिक्का मारायला आलात काय?"

"शेवटी कोन हाय?" गुरुलिंगानं विचारलं.

"मीच हाय. हुभे राहा मागं. पन गडीमानूस म्हनून पुढं सोडनार न्हाई!"

"नगा सोडू."

तो उभा राहिला. ऊन पाठीवर होतं. बऱ्याच पुढं जगदेवी होती. बायांच्या हसण्यानं तिनं वळून पाहिलं, चटकन पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. मग आपली घागर तिथंच जागेवर ठेवून ती रांगेच्या कडेनं मागं मागं चालत आली.

त्याच्याकडं न बघता तिनं घागरीखालची, डोक्यावरची कापडी चुंबळ काढली आणि त्याच्या हातात दिली.

"भरली घागर डोईवर घेतली की मान वाकवू नगा," ती हळूच म्हणाली. "सांडतंय."