चेनच्या बाजूची वाटी

पाठीमागे सगळे त्यांना पंचनामा म्हणायचे आणि तोंडावर काका. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं. उभं आयुष्य लेथ मशीनवर आटे पाडण्यात घालवून निवृत्त झालेला हा माणूस आता घराच्या मागच्या खोलीत जुन्या इटालियन सायकली दुरुस्त करायचा. पोलादी नळ्यांच्या, बारीक टायरच्या, शर्यतीच्या. हात मोठा गुणी. पण दुरुस्तीच्या आधी ओळख पटवायची, ही त्यांची अट. आणि ओळख पटवताना समोरच्याच्या जिवाचं काय होतंय याचा विचार करायचा, ही भानगडच त्यांच्याकडे नव्हती.

माणूस मोठ्या हौसेने सायकल घेऊन यायचा. मामांची होती, माळ्यावर सापडली, अस्सल इटालियन आहे म्हणतात. काका हूं की चूं करायचे नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, सायकल उलटी करायचे, खाली ठोकलेला नंबर बघायचे, नळ्यांच्या जोडांवरून अंगठा फिरवायचे, मागचं चाक बसतं त्या खाचेपाशी कुणाचं नाव कोरलंय का ते पाहायचे. स्टिकरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. स्टिकर काय, कुणीही चिकटवतो. शेवटी पायडलची दांडी काढून चेनच्या बाजूच्या वाटीला पाना लावायचे. पायडलच्या आसाचे छर्रे जिच्यात फिरतात ती ही वाटी, फ्रेममध्ये आट्यांवर घट्ट बसवलेली. सायकल इटालियन असली तर ती साध्या बोल्टसारखी डावीकडे फिरून सुटते. इतर बहुतेक सायकलींना त्या बाजूला उलटे आटे असतात, तिथे ती उजवीकडे फिरवावी लागते. "रंग खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, आटे खोटं बोलत नाहीत," एवढं म्हणून काका पाना फिरवायचे आणि बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

एका दातांच्या डॉक्टरांनी हुज्जत घालून पाहिली होती. एखादा इटालियन कारखाना उलटे आटे पाडत असेल की, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना विचारलं, तुमच्या एखाद्या पेशंटच्या अक्कलदाढा पुढच्या बाजूला असतात का हो? डॉक्टर पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत. काकूंना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. आता यांची दाढ दुखली तर न्यायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता.

काकांच्या या सत्यवचनीपणाला एकच अपवाद होता आणि तो खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगलेला होता. आकाशी रंगाची, पांढऱ्या मुठींची ती सायकल काकूंनी दिलेली. काका निवृत्त व्हायच्या आधी कित्येक महिने काकू जेवताना भोळेपणाचा आव आणून एकेक प्रश्न विचारायच्या. नंबर नेमका कुठे असतो हो? जोडांची टोकं कशी असतात? नाव कुठे कोरतात? काकांना वाटलं, चला, उशिरा का होईना बायकोला आपल्या छंदाची गोडी लागली. मग एके दिवशी काकू दुसऱ्या गावाहून टेम्पोत पुढे बसून आल्या, मागे गोधडीत गुंडाळलेली ही सायकल, आणि दारातच म्हणाल्या, ओळखा बघू. नंबर ठीक, जोड ठीक, कोरलेलं नाव ठीक. जे जे ऐकलं होतं ते ते बाईंनी बघून घेतलं होतं. वाटी उघडून बघणं तेवढं राहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात काकू माहेरी गेल्या आणि काकांनी हौसेने पाना लावला. वाटी उजवीकडे फिरली. मागच्या खाचा इटलीच्या होत्या खऱ्या, पण असल्या खाचा जगभर विकल्या जायच्या आणि कुणीही आपल्या फ्रेमला जोडायचा. काका स्टुलावर बसले ते चहावर साय धरेपर्यंत. मग त्यांनी वाटी होती तशी बसवली, आणि काकू परत आल्यावर त्यांना सांगितलं की सायकल एक नंबर आहे, तुझ्या नजरेला मानलं. काकू लाजल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको लाजलेली बघायला मिळणं काही साधी गोष्ट नाही, आणि ती काकांना गमवायची नव्हती.

तेव्हापासून कुणी भिंतीकडे बोट केलं की काका सांगायचे, जी उत्तम चालते तिला उघडायचं नसतं. आणि दरवर्षी काकू माहेरी गेल्या रे गेल्या की खोलीला आतून कडी लावून तीच सायकल उघडायचे, ताजं ग्रीस भरायचे, पुन्हा बंद करून ठेवायचे. काकूंना हे कळता कामा नये, बाकी जगाला काय वाटायचं ते वाटो, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण काकूंचे थोरले भाऊ, दादा, आपली लाल सायकल घेऊन आले.

दादा कापडाचे व्यापारी. तागा उलगडावा तशी गोष्ट उलगडायची सवय. लेकीच्या सासऱ्यांना, म्हणजे व्याह्यांना, त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं की आमच्याकडे तरुणपणापासूनची अस्सल इटालियन सायकल आहे, आणि व्याही म्हणाले होते की मग एकदा बरोबर जाऊ फिरायला. आता ती रंगवून, चकाचक करून हवी होती. काकांनी तिला पाना लावला. उजवीकडे फिरली. दादा बशीत चहा ओतत होते, तेवढ्यात काकांनी आतून ओरडून सांगितलं की इटलीचं यात काही नाही, हवा भरली असेल तर तीसुद्धा इथलीच. दादांचा चहा बशीतच राहिला. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

काकूंनी त्या दिवशी काकांची चांगलीच खरडपट्टी काढली. खरं सांगायचं ते सांगा, पण माणूस चहा पितोय, तेवढा पिऊ तर द्यायचा. काका म्हणाले, आट्यांपुढे माझा इलाज नाही. हे म्हणताना त्यांची नजर भिंतीकडे गेली, आणि त्यांनी ती घाईने खाली घेतली.

पुढच्या रविवारी दादा परत आले. राग ओसरला होता, पण सूड शिल्लक होता. लाल सायकलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. खोलीत येऊन हात मागे बांधून आकाशी सायकलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, भावोजी, हिचा पंचनामा कधी झाला? काकांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. दादा म्हणाले, माझीही उत्तमच चालत होती.

काकांनी मग काय काय सांगितलं म्हणता! पाना सापडत नाही. पाना त्यांच्या खिशातच होता. कंबर धरली आहे. गंज असेल, आधी तेलात भिजत ठेवायला हवी. आज हवा दमट आहे. हवा दमट असल्याने वाटी उघडत नाही, हे शास्त्र दादांना नवीन होतं.

पण खरा घात केला तो काकूंनी. त्या पदर खोचून आत आल्या. माझ्या सायकलीवर कुणी शंका घ्यायची नाही, आजच होऊन जाऊ दे, असं म्हणून त्यांनी स्वतःच सायकल खाली घेतली. नाइलाजाने काकांनी पायडलची दांडी काढून दिली आणि पाना पुढे केला. काकूंनी पाना घेतला, बसवला आणि डावीकडे जोर लावला.

वाटी हलली नाही. काकूंनी पुन्हा जोर लावला. दादा सायकल धरून उभे होते, ते म्हणाले, अगं, दुसरीकडे फिरवून बघ. काकू म्हणाल्या, का म्हणून? इटालियन आहे ती. त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी नळी उचलली, पान्याच्या दांड्यावर चढवली आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबायला लागल्या. चेहरा लाल झाला. मागच्याच पावसाळ्यात मुरगळलेलं त्यांचं मनगट काकांना दिसत होतं. वाटी कुरकुरायला लागली होती, तेही ऐकू येत होतं. काकांना वाटलं, गप्प बसावं. नाहीच उघडली तर सुटलो. अजून थोडा वेळ गप्प बसायचं, बस्स.

काकूंनी नळीवर पाय ठेवला.

"उलटी फिरव," काका म्हणाले.

काकूंनी पाय खाली घेतला. इतकी वर्षं रोज आटेपुराण ऐकलेली बाई ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं, नळी बाजूला ठेवली, पाना काढून दुसऱ्या बाजूने लावला आणि उजवीकडे झटका दिला. वाटी सुटली आणि पुढे बोटांनीच फिरत हातात आली. आत ग्रीस होतं, स्वच्छ, अगदी अलीकडचं. काकूंनी त्यात बोट बुडवून पाहिलं.

दादा ज्यासाठी आले होते ते त्यांच्यासमोर होतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण बहिणीच्या चेहऱ्याकडे त्यांची नजर गेली, आणि या बोलक्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा वाक्य गिळलं. मग म्हणाले, "एखादा इटालियन कारखाना उलटे आटे पाडत असेल की." काकांना त्या क्षणी मेहुण्याच्या पाया पडावंसं वाटलं.

काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. कधीपासून माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यापासून. ग्रीस दरवर्षी. तू माहेरी गेलीस की.

"आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले," काकू म्हणाल्या, "की आमचे हे मला माहेरी जायला कधी अडवत नाहीत. उलट बॅग भरून देतात."

दादांना हसू आवरेना, म्हणून ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. त्या म्हणाल्या, आता सगळ्यांचा करता तसा हिचाही पंचनामा करा, माझ्या तोंडावर.

काकांनी चष्मा नाकावर घेतला आणि पुन्हा काढला. "इटालियन नाही," ते म्हणाले. "पण इथे इतक्या आल्या, त्यातली एकही कुणी माझ्यासाठी शोधून आणली नव्हती. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता."

"आणि दादाचा बघवला?"

दातांच्या डॉक्टरांचा चेहराही काकांना आठवला, आणि आणखी बऱ्याच जणांचे. ते दादांकडे वळून म्हणाले, माझं चुकलं, बोलायची ती रीत नव्हती, लाल सायकल अशी करून देतो की व्याही बघत राहतील. दादा म्हणाले, ते ठीक आहे, पण व्याह्यांना सांगू काय? काकूंनीच परस्पर निकाल लावला. सांग, आमच्या दोन्ही घरच्या सायकली एकाच गावच्या आहेत, गाव कुठलं ते आमच्या ह्यांनाही अजून सापडलेलं नाही. दादा मनापासून हसले आणि म्हणाले, मग चहा टाक, मागच्या रविवारचा राहिलाय.

काकूंनी पदराने डोळे पुसले, चिंधीने वाटी पुसली, डब्यातून बोटभर ग्रीस घेतलं आणि आट्यांना लावलं. मग वाटी जागेवर धरून डावीकडे फिरवायला लागल्या, न विचारता, बरोबर. काका पुढे झाले तर त्यांनी त्यांचा हात बाजूला केला.

"पुढच्या वर्षी ग्रीस लावाल तेव्हा मला हाक मारा," त्या म्हणाल्या. "त्यासाठी मला घराबाहेर काढायची गरज नाही."