दोन पावलं मागे

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाई विभागात त्याला सगळे ‘नवा’ म्हणायचे. वय सत्तेचाळीस, डोक्यावरचे निम्मे केस कायमच्या रजेवर गेलेले, आणि नाव काय तर नवा! त्याला मात्र ते मनापासून आवडायचं. या वयात आपल्याला कुणी नवा म्हणतंय, म्हणजे चंगळच की.

काम तो जुन्या जाणत्यासारखा करायचा. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यात घातला की तो तिथेच बस्तान मांडतो. चादर ओलसर असतानाच कोपरे ओढून घ्यायचे. मशीन पोटभर भरायचं, गळ्यापर्यंत नाही. हे सगळं कुठे शिकलास असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "सरकारी ठिकाणी होतो." अगदीच खोटं नव्हतं ते. सोळा वर्षं तो तुरुंगात होता, आणि त्यातली बारा तुरुंगाच्या धुलाईखान्यात.

कशासाठी, तेही सांगून टाकावं, झाकपाक कशाला. पंचविशीत पाठ दुखते म्हणून सुरू झालेलं इंजेक्शन पाठ बरी झाली तरी सुटेना. नोकरी गेली, मित्र गेले, आईच्या बांगड्या गेल्या. एका संध्याकाळी तो औषधाच्या दुकानात घुसला आणि मध्ये आलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराला त्याने जोरात ढकललं. तो माणूस पडला तो उठलाच नाही. चार काचेच्या कुप्यांसाठी मी एका माणसाचा जीव घेतला, हे नवा रोज सकाळी दात घासताना स्वतःला एकदा सांगायचा. नशा तुरुंगातही मिळत होती. चौथ्या वर्षी त्याने ती सोडली आणि पुन्हा धरली नाही.

हे सगळं विभागात फक्त हेडबाईंना ठाऊक होतं. हेडबाई म्हणजे तळघराची सर्वेसर्वा. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि कपड्यावर डाग राहू द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "महिनाभर बघते. जमलं तर कायम, नाही तर रामराम. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. आणि एक, निवडीच्या टेबलाला हात लावायचा नाही."

टेबलाला का नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वॉर्डातून आलेले कपडे त्या टेबलावर निवडले जात, खिसे तपासले जात. डॉक्टर मंडळी हुशार खरी, पण खिसे रिकामे करण्याइतकी नव्हेत. पेनं, कात्र्या, चष्मे निघायचे. एकदा तर कवळी निघाली होती. आणि कधी कधी गोळ्या, कधी कुपी.

नव्याचं सगळं त्या एका महिन्यावर होतं. तो राहायचा ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत. ताईने सोळा वर्षं एकही भेट चुकवली नव्हती, पण घर काही तिचं एकटीचं नव्हतं. भावोजींनी तोंडावर सांगितलं होतं, "नोकरी टिकली तर राहा, नाही तर तुझी सोय तू बघ. मला दुसऱ्यांदा तिचं रडणं बघवणार नाही." नव्याला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर महिनाही दिला नसता, असं त्याला वाटलं.

एकविसाव्या दिवशी टेबलावरच्या मावशी गुडघा धरून घरी बसल्या. त्यात ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन, दुपारी बारापर्यंत हिरवे झगे पाहिजेत. इकडे गाठोड्यांचा डोंगर. हेडबाईंनी चारी दिशांना नजर फिरवली आणि ती नव्यावर येऊन थांबली.

"लाग टेबलावर," त्या म्हणाल्या. "आजच्यापुरता."

नवा लागला. हात सपासप चालले. चादरी डावीकडे, झगे उजवीकडे, खिशातलं सगळं ट्रेमध्ये. नवव्या गाठोड्यात एक पांढरा कोट निघाला. त्याने सवयीने खिसा बाहेर ओढला आणि टेबलावर टक्कन काहीतरी पडलं.

काचेची कुपी होती. न फोडलेली. लेबलावरचं नाव वाचायचीही गरज नव्हती, निळा पट्टा पुरे होता. तेच औषध.

त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, इतक्या वर्षांनीही शरीर लाज सोडून पुढे धावलं. आणि त्याने विचार करायच्या आत बारा वर्षांच्या शिस्तीने त्याचा ताबा घेतला. तुरुंगाच्या धुलाईखान्यात नियम होता: काही सापडलं तर हात लावायचा नाही. दोन पावलं मागे, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि ठणठणीत आवाजात आपला नंबर. कारण तिथे वस्तू ज्याच्या हातात दिसली त्याची.

नवा दोन पावलं मागे सरला. हात वर गेले.

"एकशे सत्तावीस! वस्तू सापडली!"

तळघर चिडीचूप झालं. मशीनं घरघरत होती तेवढीच. चादरींच्या रोलरवरचा माणूस, ज्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे आणि ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं असं त्याची बायकोच सांगे, तोसुद्धा तोंड उघडं ठेवून गप्प झाला. नंबर कुठले लोक पुकारतात हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. रेडिओने हळूच हात लांबवून खुंटीवरची आपली पिशवी जवळ ओढली. नव्याने ते पाहिलं. त्याला वाईट वाटलं, पण हात खाली आले नाहीत.

हेडबाई आल्या. त्यांनी कुपी पाहिली, नव्याकडे पाहिलं.

"हात खाली घे. इथे पहारेकरी नाहीत."

"बाई, आधी ती उचला."

त्यांनी कुपी उचलली, पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, वर सही ठोकली. मग नव्याचे हात खाली आले. खांदे भरून आले होते.

"वस्तू उचलून ट्रेमध्ये ठेवायची होती," हेडबाई म्हणाल्या. "एवढा तमाशा कशाला?"

आता थाप मारता आली असती. सवय म्हणून, चुकून, असं काहीही. पण सगळे ऐकत होते, आणि नव्याला एकदम या लपाछपीचा कंटाळा आला.

"उचलली असती तर ती ट्रेपर्यंत पोचली असती की नाही, मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "बहुतेक पोचली असती. पण ‘बहुतेक काही होणार नाही’ म्हणत मी एकदा एक माणूस मारलाय. त्याचीच सोळा वर्षं भोगून आलोय."

हेडबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते पाकीट त्याच्यासमोर धरलं.

"वर औषध विभागात नेऊन दे. तुला सापडलं, तूच दे. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

हे शब्द ऐकायला तो सोळा वर्षं आसुसला होता. तरी त्याने हात पुढे केला नाही.

"विश्वास ठेवलात, उपकार झाले," तो म्हणाला. "पण एकटा नाही जाणार. वरपर्यंत तीन जिने आहेत आणि मध्ये दोन बाथरूम. कुणीतरी सोबत द्या."

लाजेने मान खाली घालून नाही बोलला तो हे. जड ट्रॉलीला दुसऱ्या टोकाला हात मागावा, तितक्या सरळपणे बोलला.

हेडबाईंच्या चेहऱ्यावर क्वचितच काही दिसायचं, आता दिसलं. "बारा वर्षं मी हा विभाग चालवतेय," त्या म्हणाल्या. "जमत नाही हे सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. बाकीचे सगळे मशीन जळल्यावर सांगतात." कोपऱ्यातला मशीनवाला खाली बघू लागला. "जाऊन ये. आणि येताना कार्यालयात फोटो काढून घे, कायमच्या ओळखपत्रासाठी. टेबलाला उद्यापासून दोन माणसं."

"बाई, महिना व्हायला नऊ दिवस आहेत अजून."

"मला मोजता येतं. जा."

रेडिओने रोलर बंद केला. पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली, जरा ओशाळूनच, आणि हात पुसत पुढे आला. "चल, मी येतो. तिसऱ्या जिन्यावर मला दम लागतो, तेव्हा मला तू सांभाळ."

पाकीट नव्याने घेतलं. जिने चढताना रेडिओ त्याच्या खांद्याला खांदा लावून चालला, आणि बाथरूमच्या दोन्ही दारांशी त्याने उगाचच आपल्या सासऱ्याच्या गोष्टी मोठ्याने सांगितल्या. नवा हसला. पाकिटातली कुपी बोटांना कळत होती, तरी हसला.

औषध विभागाची खिडकी आली. आत उंच फळ्या, त्यावर खोकी, काउंटरमागे चष्मा लावलेला एक म्हातारा माणूस मान खाली घालून काहीतरी लिहीत बसलेला. नव्याचे पाय जागच्या जागी थिजले. अशा काउंटरसमोर तो शेवटचा उभा होता त्याला सोळा वर्षं झाली होती. रेडिओने त्याच्या पाठीवर हात ठेवला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी ठेवला. नवा दोन पावलं पुढे झाला.

म्हाताऱ्याने मान वर न करताच विचारलं, "काय हवंय?"

"काही नको," नवा म्हणाला आणि त्याने पाकीट खिडकीतून आत सरकवलं. "द्यायला आलोय."