दिग्गीच्या उतारावरची साखळी

मी साखळी बोलतेय. गळ्यातली नव्हे हो, जमीन मोजायची, लोखंडाची. इंग्रज सरकारसाठी डोंगराचा नकाशा करायला एक मोजणीदार मला बैलगाडीत टाकून जोयड्याच्या रानात घेऊन आला.

गाडीवाट संपली तशी गाडी कुंभारवाडा गावातच थांबली. तिथून डोंगरातल्या दिग्गी गावापर्यंत येसाजीनं मला खांद्यावर वाहिलं. येसाजी तिथलाच कुणबी. मी करवंदीच्या जाळीत अडकले की हिसका द्यायचा नाही, वाकून सोडवायचा. मोजणीदार मात्र मला चिखलातून ओढायचा, धुवायचं नाव नाही.

येसाजीचा जीव एका उतारात होता. तिथं तो नाचणी करायचा, मग जमिनीला विसावा म्हणून काही वर्षं रान वाढू द्यायचा. तो उतार नकाशात आपल्या नावावर लागावा, एवढ्यासाठी तो मोजणीत राबत होता.

आम्ही पोचलो तेव्हा उतारावर पुरुषभर झाडोरा माजला होता. मोजणीदारानं विचारलं, "ही जमीन कुणाची?"

"देवाची," येसाजी म्हणाला.

झालं! विसाव्यातल्या जमिनीला 'माझी' म्हणायचं नाही, म्हटलं तर पुढं ती पिकत नाही, अशी त्यांची रीत. त्याची बायको तुळजा धावतच पुढं आली. "सायेब, आमचीच हाय ती. पुढं पेरणार हाय. ह्ये बुंधे बघा, आमीच तोडल्यात."

"कळलं बाई. लावतो तुमच्या नावावर," मोजणीदार म्हणाला. त्यानं बुंधे पाहिले. तिच्या घरची नाचणीची भाकरीही मागून मागून खाल्ली.

आणि नकाशात काय रंगवलं? हिरवं जंगल, सरकारी! "मालकच देवाची म्हणाला, आपण कशाला डोकं लावायचं?" असं तो कारकुनाला हसत सांगत होता. मी तंबूत शेजारीच पडले होते. माझ्याच कड्यांनी मोजलेली हद्द ती. लोखंडाची असले तरी मला संताप आला. येसाजीचा आणि माझाही त्यानं केसानं गळा कापला.

पुढं ताणून ताणून माझं माप चुकू लागलं, तसं त्यानं मला टाकून दिलं. रानाच्या राखणदारानं माझे तुकडे केले. त्यातला एक त्याच उताराला सरकारनं बसवलेल्या फाटकाला लटकतोय. तो मी.

तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात, तर ही जमीन कुणाची, हे येसाजीला एकदा नीट विचारा. पेरणीच्या दिवसांत तो येतो, माझ्यावरचा चिखल पुसतो. परवा फाटकाला टेकून, रीत मोडून म्हणाला, "माझी हाय. ही जमीन माझी हाय."

ऐकायला मी एकटीच होते, आणि कुलूप माझ्यातच अडकवलेलं होतं.