हिरव्या दोऱ्याची चिठ्ठी

सुतारानं पोतं उलटं केलं आणि टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला. तो टेबलावर मावेना, तेव्हा खाली फरशीवर ओघळला. चार घड्या घातलेल्या, टाचणी टोचलेल्या, कडांना पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. चर्चच्या मागच्या खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती.

“व्यासपीठाची फळी डुगडुगत होती म्हणून उचकटली,” सुतार म्हणाला. “तर खाली हे. एकही उघडलेली नाही.”

चाळीस माना पाळकसाहेबांकडे वळल्या. पाळकसाहेब भिंतीशी खुर्चीवर बसले होते आणि आपल्याच बुटांकडे पाहत होते.

प्रार्थनापेटी दाराशी टांगलेली असायची. मनातलं दुखणं चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून पेटीत टाकायचं, की झालं. दर रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब छातीवर हात ठेवून सांगत, “तुमची एकेक चिठ्ठी मी पहाटे चार वाजता उघडतो आणि देवापुढे ठेवतो.” हे ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. असं अकरा वर्षं चाललं होतं.

सूनबाई मात्र पाळकसाहेबांकडे पाहत नव्हती. तिची नजर ढिगाच्या डाव्या उतारावर खिळली होती. तिथं एका चिठ्ठीच्या कडेला हिरव्या दोऱ्याचे बारीक टाके दिसत होते.

तिचा शिवणकामाचा धंदा. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या मशीनवरून जायचे. तरी सगळे तिला सूनबाईच म्हणत, कारण तिच्या सासूबाईंचा आवाज इतका मोठा होता, की सुनेचं दुसरं काही नाव असेल हे कुणाच्या डोक्यात यायचंच नाही. नऊ वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई ट्रंक घेऊन कायमच्या राहायला आल्या. आल्या दिवसापासून डबे कुठं ठेवायचे, खिडकी कधी उघडायची, ब्लाउजला अस्तर कुठलं लावायचं, सगळं त्यांनी ठरवलं. तिसऱ्या महिन्यात सूनबाईनं चिठ्ठी लिहिली. टाचणीचा तिला भरवसा वाटेना. कुणी उघडून पाहिली तर? म्हणून तिनं सुईत दोरा ओवला आणि चिठ्ठी चारी बाजूंनी शिवून टाकली. गाठसुद्धा आतल्या बाजूला दडवली. एवढी अक्कल चालवली, पण शेकडो चिठ्ठ्यांत शिवलेली ही एकच असणार, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

आत लिहिलं होतं, ‘प्रभू, सासूबाईंना लवकर तुझ्याकडे बोलावून घे. त्यांना तिथं बरं वाटेल. मलाही इथं बरं वाटेल.’

आणि त्या सासूबाई आता तिच्या शेजारीच उभ्या होत्या. वय ब्याऐंशी, हातात छत्री, आणि ठणठणीत.

“बोला पाळकसाहेब,” हेडमास्तर म्हणाले. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण चर्चच्या पंचांचे प्रमुख या नात्यानं ते अजून सगळ्यांना वर्गातल्यासारखंच उभं करत. “का केलंत हे?”

पाळकसाहेब उठले. “पहिल्या वर्षी उघडत होतो,” ते म्हणाले. “कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा मारतो. तीन वाचल्या की चौथी हातात घ्यायचा धीर होत नसे. म्हटलं उद्या वाचू. मग त्या उद्यावर ढकलतच गेलो.”

“आणि दर रविवारी आम्हाला सांगत होतात, ते?”

“खोटं होतं.”

“मग माझी कंबर बरी कशी झाली?” घड्याळं दुरुस्त करणारा एकदम ओरडला. “मी दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या!”

“मलमानं,” त्याची बायको म्हणाली. “मी रोज चोळत होते, ते काय उगाच?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पण सगळ्यांना हसू येत नव्हतं. बेकरीवालीनं पदर तोंडाला लावला होता. तिची मुलगी तापानं गेली, त्या वर्षी ती दर आठवड्याला पेटीपाशी उभी असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हसणाऱ्यानं तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं. पाळकसाहेबांनीही तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची मान आणखी खाली गेली.

तेवढ्यात छत्री फरशीवर आपटली.

“मला एक विचारायचंय,” सासूबाई म्हणाल्या. “पाळकसाहेब एकटे चारला उठतात, त्यांना सोबत हवी, म्हणून इथं आल्यापासून मीही नऊ वर्षं चारला उठतेय. थंडी बघितली नाही, ताप बघितला नाही. गुडघ्यांची पार वाट लागली. तर पाळकसाहेब, त्या वेळेला तुम्ही काय करत होतात?”

“झोपत होतो,” पाळकसाहेब हळूच म्हणाले.

“झोपत होते! ऐकलंत?” सासूबाई सगळ्यांकडे वळल्या. “ह्यांना परत त्या व्यासपीठावर चढवलंत, तर मी पायरीवर आडवी पडेन. जा म्हणावं मला ओलांडून!”

या गदारोळात सूनबाई इंचाइंचानं टेबलाकडे सरकत होती. खाली पडलेलं उचलण्याच्या बहाण्यानं ती वाकली आणि हात वर टेबलाकडे नेला.

“कुणी हात लावायचा नाही!” हेडमास्तर गरजले. ती चटकन सरळ झाली. पुढच्या खेपेला तिनं पर्सच ढिगावर पाडली, पण सुतारानं मोठ्या अदबीनं पर्स उचलून तिच्या हातात दिली. चिठ्ठी जिथल्या तिथं.

आणि खरं सांगायचं तर तिचं मन नुसतं घाबरलेलंच नव्हतं. हे ती कुणाला सांगू शकली नसती. चिठ्ठी टाकून सात महिने होतात न होतात तोच तिचा नवरा गेला. कामावर उभ्या उभ्या कोसळला. आपण देवाला सांगितलं घरातलं एक माणूस ने, आणि पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं देवानं नेलं, पण माणूस चुकला, असं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून ती सासूबाईंचं सगळं निमूट ऐकायची, त्यांचे पाय चेपायची, औषधाची वेळ चुकू द्यायची नाही. लोक म्हणत, सून असावी तर अशी. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आज कळत होतं, की ती चिठ्ठी कुणी उघडलीच नव्हती. मंडळी पाळकसाहेबांवर दात-ओठ खात होती, आणि ही एकटी मनातल्या मनात त्यांचे पाय धरत होती. बेकरीवालीकडे नजर गेली की तिला त्याचीही लाज वाटत होती.

चिठ्ठ्यांचं काय करायचं यावर अर्धा तास भांडण झालं. जाळा, असं एक म्हणाला. ज्याच्या त्याला परत द्या, असं दुसरा म्हणाला; पण कुणाची कुठली ते उघडल्याशिवाय कसं कळणार? घड्याळवाल्याचं म्हणणं, पाळकसाहेबांना खोलीत कोंडा आणि अकरा वर्षांच्या सगळ्या प्रार्थना आजच्या आज करून घ्या.

शेवटी बेकरीवाली बोलली. “कुणीतरी त्या वाचायला हव्यात,” ती म्हणाली. “उशिरा का होईना. पण त्यांनी एकट्यानं नाही. एकट्याला झेपलं नाही, हे दिसलंच की.”

मग ठरलं. प्रत्येकानं डोळे मिटून दहा-दहा चिठ्ठ्या उचलायच्या, रोज एक उघडायची. जी हातात येईल तिच्यासाठी प्रार्थना करायची, मग जाळायची. कुणाला दाखवायची नाही, अक्षर ओळखलं तरी बोलायचं नाही. “नियम मोडेल त्याची गाठ माझ्याशी,” हेडमास्तर म्हणाले. पाळकसाहेबांनीही दहा घ्यायच्या, हे बेकरीवालीनंच सांगितलं.

सूनबाईनं डोळे मिटले, पण पुरते नाही. पापण्यांच्या फटीतून हिरवा दोरा दिसत होता. तिनं हात पुढं केला, आणि त्याच क्षणी शेजारून एक सुरकुतलेला हात आला आणि ती चिठ्ठी उचलून घेऊन गेला.

उद्यापर्यंत थांबायचं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, टाक्यांवरून अंगठा फिरवला, उलटी करून गाठ शोधली. मग पिशवीतली छोटी कात्री काढून दोरा अलगद उसवला, बोटाला गुंडाळला, आणि वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सूनबाईला पायांखालची फरशी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

“आता शेवटचा प्रश्न,” हेडमास्तर म्हणाले. “पाळकसाहेबांचं काय? आजीबाई, तुमचं मत आम्ही ऐकलंच आहे.”

“ते मघाचं,” सासूबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी पिशवीत टाकली. “आता ऐका. त्यांना माफ करा.”

घड्याळवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

“माफ करा म्हणजे व्यासपीठावर चढवा असं नाही. मागच्या बाकावर बसू देत, वर्षभर आमच्यासारखी प्रार्थना करू देत. आधी ह्या बाईच्या घरी जाऊन तिची माफी मागू देत,” त्यांनी छत्री बेकरीवालीकडे केली. “ती देईल तेव्हा देईल, घाई कुणी करायची नाही. पण हाकलू नका. त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या नाहीत हे वाईटच. पण एखाद्याचा त्यात जीवही वाचला असेल. सांगता येतं का?”

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन, पाझरलं.

घरी जाईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं, आणि सूनबाईला वाटत होतं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात शिरल्यावर त्या आपल्या खुर्चीत, मशीनच्या शेजारी बसल्या. समोर शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता. काजं त्याच करत असत.

“गाठ आत दडवायला मीच शिकवलं होतं तुला,” त्या म्हणाल्या.

सूनबाई मटकन खाली बसली. “आई, मी तेव्हा... आणि सात महिन्यांत हे गेले...” नऊ वर्षांचं रडू एकदम आलं.

सासूबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. “अगं वेडे,” त्या म्हणाल्या, “म्हणून माझे पाय चेपत होतीस होय? माझ्या लेकाचं काळीज जन्मापासून कच्चं होतं. त्याच्या बापाचंही तसंच. चिठ्ठी लिहून कुणी जात नसतं. तसं असतं तर मी तुझ्या सासऱ्यांच्या दोन्ही बहिणींना केव्हाच पोचवलं असतं.”

सूनबाई रडता रडता हसली.

“पण नियम तो नियम,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी काढून मांडीवर ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. “प्रभू, ह्या चिठ्ठीत एका बाईची विनंती आहे. मला मिळालीय, तेव्हा तुझ्या कानावर घालणं भाग आहे. तू ऐकशीलच. पण अजून ऐंशी शर्टांची काजं व्हायचीत आणि हिला अजून नीट जमत नाहीत. तेव्हा सावकाश बघ.”

“आमेन,” सूनबाई म्हणाली. सासूबाईंचं वाक्य पुरतं संपायच्या आतच म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं, की शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

सासूबाईंनी काडी ओढून चिठ्ठी जाळली. मग बोटावरचा हिरवा दोरा सोडवला, सुईत ओवला आणि पहिला शर्ट पुढं ओढला.

“पांढऱ्या शर्टाला हिरवा, आई?”

“आतल्या बाजूला एक टाका, तुझ्या घरून गेलेल्या शर्टाची खूण,” सासूबाई म्हणाल्या. “दिवा लाव. दिसत नाहीये मला.”