खिळ्याला टांगलेली झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, पोटाशी रुंद आणि मानेशी लांब. माझ्या तोंडावर बारीक भोकांची चाळणी आहे. त्यातली निम्मी भोके आता गंजाने बुजली आहेत. मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव. नळाची धार ऐकली की माझा रिकामा पत्रा अजूनही घुमू लागतो.

एका अरुंद गल्लीतल्या पत्रेवाल्याने मला घडवले. त्याने पत्रा कापला, वाकवला, जोडांवर कथलाचा डाग दिला आणि मला काठोकाठ भरून रात्रभर ओट्यावर ठेवले. सकाळी त्याने माझ्या बुडाखालून बोट फिरवले. बोट कोरडे निघाले तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "ही टिकेल." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

दुकानातून मला एका काकूंनी घरी आणले. त्यांचे यजमान बसचालक होते. तीस वर्षे त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. घरातही त्यांचा पाय ठरत नसे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना एक्स्प्रेसकाका म्हणत. ते निवृत्त झाले आणि घरावर संक्रांतच आली. चांगला चालणारा पंखा त्यांनी दुरुस्त करून बंद पाडला. कपाटे या भिंतीची त्या भिंतीला नेली. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, मागच्या दाराबाहेर जा आणि काय ती उलथापालथ तिथे करा."

मागच्या दाराबाहेर सतरंजीएवढी जागा होती. घर बांधताना उरलेला राडारोडा तिथेच पसरलेला. विटांचे तुकडे, चुना, खडी, आणि त्याखाली दगडासारखी घट्ट जमीन. तिथे गवतसुद्धा धड उगवत नसे. काकांनी ठरवले की इथे बोगनवेल लावायची. ती झुडपासारखी राखायची आणि भिंत फुलांनी झाकून टाकायची.

त्यांनी पहारेने दोन दिवस खड्डा खणला. विकतची काळीभोर माती आणली, तीन टोपल्या शेणखत ओतले आणि मधोमध रोप लावले. मग माझी पाळी आली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवे लागायच्या आधी पुन्हा पाणी. काका मला हातात घेऊन त्या रोपाशी असे उभे राहत, जणू बस सुटायला दोनच मिनिटे उरली आहेत. मला केवढा अभिमान वाटे! माझ्याशिवाय इथले पान हलत नाही, असे मी खुशाल समजत होते. झाड हिरवेगार झाले, हातहात वाढले. फूल मात्र एकही आले नाही.

"पाणी कमी पडतंय," काका म्हणाले आणि चौथी फेरी सुरू झाली.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी मी काकांच्या हातातून निसटून पडले. ते माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मग भिंतीला टेकत हळूहळू खाली बसले. त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. काका इस्पितळात आणि काकू त्यांच्याजवळ, म्हणून तीन आठवडे घर बंद होते. मी पडले तिथेच आडवी होते, पोटात घोटभर पाणी साचवून. मला पहिला गंज तेव्हाच लागला.

काका परतले ते काठी घेऊन. बोलणे शाबूत होते, पण उजवा हात आणि पाय ऐकत नव्हते. रोज आधाराशिवाय थोडे चाला, स्वतःची कामे स्वतः करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण काकूंनी धास्ती घेतली होती. त्यांनी मागच्या दारात खुर्ची मांडली आणि काकांना तिथे बसवून टाकले. भात त्या भरवत, केस त्या विंचरत, पाण्याचा पेला त्याच ओठाला लावत. काकांनी काठीकडे हात नेला की आतून आवाज येई, "अहो, थांबा. पडाल. मी आले."

काकांना दिवसभर एकच काम उरले होते. ते खुर्चीतून विचारत, "झाडाला पाणी घातलंस?" काकू घालत. तासाभराने ते पुन्हा विचारत. त्यांचे मन राखायला काकू पुन्हा घालत. मी खाली ठेवली जाते न जाते तोच पुन्हा उचलली जाई.

आणि झाड पिवळे पडू लागले. पाने गळून दारापर्यंत येत. काका ती मोजत बसत. एका दुपारी त्यांनी जेवणाचे ताट डाव्या हाताने दूर सारले.

"ते झाड जातंय आणि त्याच्यामागे मीही," ते म्हणाले. "दोघांनाही बसल्या जागी सगळं मिळतंय, तरी दोघंही वाळतोय."

पायात चपला सरकवून काकू तडक रोपवाटिकेत गेल्या आणि तिथल्या माळीणबाईंना घेऊनच आल्या. माळीणबाई मोजके बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बुंध्याशी माती उकरली, चिमूटभर नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले.

"किती पाणी घालता?"

"आम्ही काही कमी करत नाही हो," काकू म्हणाल्या. "दिवसातून चार-पाचदा तरी."

"तेच झालंय, ताई. हे झाड तहानेनं नाही, बुडून मरतंय. बाहेरची जमीन घट्ट आणि आत मऊ माती. खड्डा नाही केलात, हौद केलात. पाणी जाणार कुठं?"

मित्रांनो, ते ऐकून मला माझ्याच पत्र्याचा भार वाटू लागला. ते सगळे पाणी माझ्याच तोंडून गेले होते.

माळीणबाईंनी झाड उपटले. निम्मी मुळे काळी पडून कुजली होती. ती त्यांनी कापली, फांद्याही अर्ध्या छाटल्या. खड्ड्यातली भुसभुशीत माती त्यांनी उपसली, राडारोड्यात मिसळली आणि गुडघ्याएवढा उंचवटा केला. त्यावर तो बोडका खुंट रोवला आणि पेलाभर पाणी दिले.

"या खडीत ते जगेल?" काकांनी विचारले.

"याला असलीच जमीन मानवते. पाणी शोधत मुळं खोल गेली पाहिजेत. आता दहा दिवस थेंबही नको. पुढंही पानं मलूल झाली तरच द्या. लाड केलेत तर नुसती पानं येतील, फूल नाही." मग त्यांनी मला उचलले आणि मागच्या दाराशेजारी उंच खिळ्याला टांगून दिले.

ते दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. ऊन चढे, माझा पत्रा तापे. समोर तो खुंट, कोरडा ठणठणीत. दोनदा काकूंनी मला खाली काढून नळाखाली धरले आणि पुन्हा रिकामी करून टांगले. काकांची काठी फरशीवर सारखी टकटक करी. तिघांपैकी एकाचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी काकू आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका खुर्चीतून उठले. भिंत धरत ते माझ्यापाशी आले आणि डाव्या हाताने त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले. मला वाटले, सुटले एकदाची! बादलीत बुडवून त्यांनी मला अर्धी भरली. मला घ्यायचे तर काठी धरता येईना. त्यांनी काठी दाराला टेकवून ठेवली आणि पाऊल टाकले. एक. मग दुसरे. उजवा पाय खडीवर घासत येई. माझ्यातले पाणी डचमळून त्यांच्या पायजम्यावर सांडत होते.

ते सहा पावले चालले. झाडापाशी पोहोचून त्यांनी मला तिरके केले आणि तसेच थांबले. खुंटाच्या बगलेत गव्हाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब फुटला होता. काका किती तरी वेळ वाकून बघत राहिले. पाणी माझ्या ओठाशी आले होते. मित्रांनो, मी मनातून ओरडत होते, ओता ना! त्यांनी मला सरळ केले आणि जमिनीवर ठेवून दिले.

तेवढ्यात काकू दारात आल्या. दाराला टेकलेली काठी त्यांना आधी दिसली आणि मग काका. त्या धावल्याच. पण एका पायरीवर थबकल्या, चौकटीला घट्ट धरून. काका वळले. परतताना तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. काकूंचा हात पुढे आला, हवेत राहिला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. काकांनी भिंत धरली, श्वास घेतला आणि उरलेली पावले टाकून ते खुर्चीत बसले.

"कोंब आलाय," ते धापा टाकत म्हणाले.

"बघितलं मी," काकू म्हणाल्या. त्यांनी कोंबाकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

त्या दिवसापासून पाण्याचा पेला काकांच्या हाताशी ठेवला जाऊ लागला. निम्मे पाणी सांडे. काकू ते पुसत, पण पेला धरत नसत. झाडाला पुढच्या कोरड्या दिवसांत फुले आली. कागदासारखी, गडद गुलाबी, इतकी की पाने दिसेनाशी झाली. गल्लीतली माणसे भिंतीशी थबकून त्यांची तारीफ करतात. माझे नाव कुणी काढत नाही. मी पंधरा-वीस दिवसांतून एकदा खाली उतरते आणि तेवढ्यात बुडाशी थोडी गळते. त्या तीन आठवड्यांत मला कुणी पुसून उलटी ठेवली असती तर हे झाले नसते.

मित्रांनो, तुमच्या हातून होणाऱ्या कामाची तुम्हालाही हौस असेल. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला काय हवे ते आधी नीट बघा. त्याला काहीच नको असेल, तर भरल्या पोटाने नुसते जवळ उभे राहा. ते फार अवघड काम आहे. काकूंना ते जमले. मला अजून जमत नाही.