मधला सात

कोरणाऱ्याने नमुन्याचा कागद काउंटरवर पसरला आणि दोन्ही टोकांवर पितळेचे तुकडे ठेवले. बाईंनी आकडे पाहिलेच नाहीत. त्यांची नजर थेट खालच्या ओळीवर गेली. शोधक म्हणून सरांचं नाव होतं. एकट्याचं.

"अहो, दोन नावं द्यायची ठरली होती ना?"

"अगं, पाटीवर जागा कुठंय? आणि नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं!"

खाली चांगली चार बोटं जागा मोकळी होती.

अकरा आकड्यांची ती संख्या डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. ती मूळ संख्या असावी, तिला कशानेच भाग जाऊ नये, अशी शंका सरांना आली आणि शंका येऊन ते कॉलेजला निघून गेले. भागाकार बाईंनी केले. रोज पंचवीस-तीस, अशी तीन वर्षं, कॅल्क्युलेटरची बटणं गुळगुळीत होईपर्यंत. पंचवीस हजारांहून जास्त मूळ भाजक झाले, एकानेही भाग गेला नाही, आणि सत्कार झाला सरांचा. आता विभागाच्या दारावर पाटी लागणार होती.

"आकडे तेवढे बघून घे," सर म्हणाले. "त्यात तुझी नजर बरी आहे."

बाईंनी पाहिलं. मधे सात होता, आणि त्याला चिकटून आणखी एक सात.

"हे कसं केलंत हो?" त्यांनी कोरणाऱ्याला विचारलं.

"मधल्या सातापर्यंत टाइप केली मॅडम. पुढची अर्धी तीच उलटी करून जोडली. डोक्याला ताप नाही!" गडी स्वतःवर भलताच खूश होता.

म्हणजे अकराचे बारा आकडे झाले होते. अशा उलटसुलट सारख्या संख्येत आकड्यांची गणती सम झाली की तिला अकराने भाग जातोच जातो, कागदसुद्धा लागत नाही. पंचवीस हजार भाजकांतला अकरा हा पाचवाच.

सरांनी बोट फिरवत संख्या डावीकडून वाचली, मग उजवीकडून.

"झकास! इकडूनही तीच, तिकडूनही तीच."

आकडे मोजले मात्र नाहीत. मोजायची सवय त्यांना होती कधी?

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. संख्या त्यांचीही होती. सरांपेक्षा जास्तच होती. एक शब्द बोलल्या असत्या तर ती वाचली असती. मेलं एवढं सोसून शेवटी आपल्याच हाताने तिचं वाटोळं करायचं! पण चार बोटं मोकळी जागा डोळ्यांसमोरून हलेना.

"तपासल्याची सही लागेल," कोरणारा म्हणाला. "एकदा कोरलं की बदल नाही."

सरांनी पेन बाईंकडे सरकवलं. "कर तूच. तपासलंस तू."

"नको. शोध तुमचा, सही तुमचीच हवी."

सरांनी झोकात सही ठोकली.

"उद्घाटनाला कोण कोण येणार?" बाईंनी विचारलं.

"गणितातली झाडून सगळी मंडळी!"

"मग मला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगा," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी तोंड दाराकडे वळवलं.