एट्टाकाकूंच्या कपातला चमचा

मी पलंग आहे खरा, पण माझ्यावर आजवर कोणी रात्र काढलेली नाही. लोक येतात, अर्धापाऊण तास पडून राहतात, उठतात, मोजे चढवतात आणि जातात. मी मालिशचा पलंग आहे, मित्रांनो. डोक्याकडे तोंड टेकायला गोल भोक, खाली लोखंडी पाय आणि बाजूला मला वर-खाली करायचा पायपंप. वय विचाराल तर जुना आहे, एवढेच सांगतो.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका माणसाने माझ्यावर तपकिरी कातडे ताणून बसवले, दोनदा थोपटले आणि तो जेवायला गेला. तेवढेच माझे बारसे. मग मला जर्मनीच्या पार उत्तर टोकाला, समुद्राच्या बांधामागच्या या गावात आणले. तेव्हापासून मी हिल्केच्या मागच्या खोलीत आहे.

हिल्के मालिश करते, पण तुम्हाला ठाऊक असलेले रगडून काढायचे मालिश नव्हे. आपल्या अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरत असते. डॉक्टर त्याला लिम्फ म्हणतात. शस्त्रक्रियेत त्याच्या वाटा तुटल्या की ते साचते आणि अंग सुजते. हिल्के त्या पाण्याला हलक्या हाताने वाट करून देते. मांजराच्या पाठीवरून फिरवावा, इतका हलका हात. माझ्यापर्यंत तो कधी पोचतही नाही.

इथल्या माणसांचे एक सांगायला हवे. यांना ‘कसं काय?’ विचारले तर उत्तर एकच येते, ‘चाललंय’. गाय दगावली तरी चाललंय, छप्पर उडाले तरी चाललंय. कुरकुर करणे इथे वाईट दिसते. कौतुकही तसेच. माझे कौतुक एकदाच झाले. ‘मोडला नाही अजून,’ असे कोणीतरी म्हणाले.

यानकाका माझ्यावर पाठ दुखते म्हणून यायचे. एका हिवाळ्यात ते आले, तेव्हा त्यांचा रंग राखेसारखा होता. हिल्केने विचारले, “काका, बरं आहे ना?” ते म्हणाले, “चाललंय.” मालिश झाले, मग रीतीप्रमाणे तीन कप चहा झाला. त्याच आठवड्यात त्यांचे हृदय थांबले. मला काही वाटले नाही. मी पलंग आहे. पण हिल्के त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यावर चादर अंथरताना उगाच थांबायची.

एट्टाकाकू या त्यांच्या पत्नी. पुढच्या वर्षी त्यांनी डावा गुडघा बदलून घेतला आणि सूज उतरवायला त्या आमच्याकडे येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी माझ्यावर चढताना त्यांनी हिल्केला अडवले.

“टाके ओले असताना हात लावतेस? उसवलं म्हणजे?”

“जखमेला नाही लावत, काकू. वरची, मांडीची वाट आधी मोकळी करते. तुमच्या सर्जननं सांगितलंय म्हणून करतेय, माझ्या मनानं नाही.”

“मग आता रोज यायचं?”

“ठरलेल्या दिवशी यायचं. पण ताप आला, जखम लाल झाली, त्यातून पाणी यायला लागलं, पोटरी गरम लागली किंवा धाप लागली, तर मालिश नाही. आधी डॉक्टर.”

“आणि यातलं काहीच झालं नाही तर?”

“तेही सांगायचं.”

“काय सांगायचं? काही झालं नाही म्हणून?” काकू म्हणाल्या. “तू लहानपणीही अशीच डोकं खायचीस.”

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला त्यांना काहीच कळत नसे. हिल्केने तिथे बोट टेकवले तरी त्या छताकडे बघत राहत. कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, हळूहळू परत कळायला लागेल, असे हिल्केने समजावले.

“लागू दे नाहीतर राहू दे,” काकू म्हणाल्या. “यान गेल्यापासून मी सगळीच तशी झालेय. रडूसुद्धा येत नाही. लोक काय म्हणत असतील.”

हे त्यांनी हवामान सांगावे तसे सांगितले. मी ऐकले. मलाही असेच असते. माणसे येतात, जातात, आणि आत काही हलत नाही.

पण एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून हवी होती. इथे वसंतात गावागावांत रस्त्यावरून चेंडू फेकायचे सामने होतात. लाकडाचा जड चेंडू, ज्याचा जास्त लांब जाईल तो संघ पुढे. चेंडू हमखास बाजूच्या पाण्याच्या चरात पडतो, आणि तो काढायला लांब दांड्याची जाळी घेऊन एक माणूस बरोबर चालतो. आमच्या गावाची जाळी आयुष्यभर यानकाकांच्या हातात होती. हंगामातला शेवटचा सामना रविवारी होता, आणि या वेळी जाळी काकूंनी मागून घेतली होती.

त्या आठवड्यात काकू वेळेआधीच आल्या. हिल्केने खोलीतच चहा मांडला होता. खडीसाखरेचा खडा कपात, वर गरम चहा, त्यावर साय. पहिला कप संपवून काकू माझ्यावर बसल्या आणि हिल्के त्यांचे बूट काढायला वाकली. ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते, पण काकूंचे नव्हते.

“हे काकांचे बूट,” हिल्के म्हणाली.

“मग? फेकून देऊ?”

“तुमचे कुठे गेले?”

“घरी आहेत. डावा चढत नाही.”

हिल्केने बूट ओढून काढला. डावी पोटरी ताणून चकचकीत झाली होती. हिल्केने बोटांची मागची बाजू तिच्यावर ठेवली, मग उजवीवर, मग पुन्हा डावीवर. मग तिने हात काढून घेतला.

“केव्हापासून?”

“चाललंय गं.”

“काकू, मी ‘कसं आहे’ विचारलं नाही. केव्हापासून, ते विचारलं.”

“परवापासून. फारसं दुखत नाही. म्हणून तर म्हणते, आज नीट मालिश कर. पाणी उतरलं की बूट चढेल, आणि रविवारी मी मोकळी.”

“हे साचलेलं पाणी नसेलही. आत रक्ताची गाठ झाली असेल तर मी हात फिरवला आणि ती सुटली, की फुफ्फुसात जाऊन बसेल. आज मी हात लावणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलावते.”

“ॲम्ब्युलन्स?” काकूंना जणू दारात सर्कस आल्याचे सांगितले होते. “अख्खा गाव खिडकीत येईल. रविवार होऊ दे. सोमवारी सकाळी मी स्वतः जाते.”

“सोमवार फार लांब आहे.”

“आणि माझा चहा व्हायचाय,” असे म्हणून त्यांनी शेजारच्या स्टुलावरून किटली उचलली आणि आपला दुसरा कप भरून वर साय सोडली.

मित्रांनो, तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण इथे पाहुण्याचा तीन कपांवर हक्क असतो. तीन झाल्याशिवाय त्याला उठवत नाहीत, मग घाई कसलीही असो. पुरे झाले की पाहुणा स्वतः आपल्या कपात चमचा उभा करतो. दुसऱ्याच्या कपात चमचा कोणी ठेवत नाही. त्यापेक्षा घराबाहेर काढलेले बरे.

हिल्केही इथलीच. ती उभी राहिली. काकूंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. बोलताना त्या मधेच श्वास घेत होत्या, वाक्यात जिथे घ्यायचा नाही तिथे. ते मला माझ्या कातड्यातून कळत होते, आणि हिल्केलाही दिसत होते.

तिने बशीतला चमचा उचलला आणि काकूंच्या भरलेल्या कपात ठेवला.

साय मोडून चहा ढवळला गेला. दोघीही त्या कपाकडे बघत राहिल्या.

“माझ्या कपात आजपर्यंत कोणी चमचा ठेवला नाही,” काकू म्हणाल्या.

“यानकाकांच्या ठेवायला हवा होता,” हिल्के म्हणाली. “ते याच पलंगावर होते. ‘चाललंय’ म्हणाले, आणि मी त्यांना तिसरा कप ओतून दिला.”

काकूंनी कप दूर सरकवला. मग त्या हळूच माझ्यावर आडव्या झाल्या.

“कर फोन,” त्या म्हणाल्या. “पण त्यांना म्हणावं, भोंगा वाजवू नका.”

ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली. कप तसाच राहिला आणि चहावर साय पुन्हा धरली. रविवारी चेंडू चरात पडला तेव्हा जाळी दुसऱ्या कोणीतरी धरली. इस्पितळातून कोणी काही कळवले नाही, कारण कळवण्याचीही इथे सवय नाही. त्याच सुमारास खोलीत नवा, विजेवर वरखाली होणारा पलंग आला आणि मला खिडकीशी सरकवले. माझ्यावर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग बसू लागला. मला वाईट वाटले का? खरे सांगायचे तर काहीच वाटले नाही.

मग बांधावर मेंढ्या चरायला सोडल्या, त्या दिवसांत दार उघडले आणि एट्टाकाकू आत आल्या. पायात स्वतःचे बूट होते.

“गाठच होती,” त्यांनी कोट काढता काढता सांगितले. “एक तुकडा फुफ्फुसाकडे निघालाही होता. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आता मालिश चालेल. तू त्यांना विचारून घे. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस.”

हिल्केने खरोखरच फोन करून विचारले. मग ती नव्या पलंगाकडे वळली.

“त्याच्यावर नाही,” काकू म्हणाल्या. “तो गुरगुरतो. मला आमचा जुना दे.”

टॉवेल उचलले गेले. काकू माझ्यावर आडव्या झाल्या. हिल्केने पोटरी पाहिली, जखमेचा व्रण पाहिला, तापाचे विचारले, श्वासाचे विचारले आणि मांडीपासून सुरुवात केली. हात गुडघ्याजवळ आल्यावर तिने सवयीने विचारले, “कसं आहे?”

मी तो नेहमीचा शब्द यायची वाट पाहत होतो.

“दुखतंय,” काकू म्हणाल्या.

हिल्केचा हात थांबला. “कुठे?”

“तिथेच. बोट आहे ना तुझं, तिथे. इतके दिवस काही कळत नव्हतं बघ.” मग थोड्या वेळाने, “आणि यानची फार आठवण येते गं.”

त्यांच्या डोळ्यांतले पाणी कानांवरून ओघळत माझ्या कातड्यावर आले. हिल्केने ते पुसले नाही. तिने हात व्रणापासून दूर, मांडीवर नेला आणि तिथे नुसता ठेवला.

मित्रांनो, माझ्यावर शेकडो माणसे पडून गेली आहेत, पण ‘कसं आहे?’ला ‘दुखतंय’ हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकले. शस्त्रक्रियेनंतर कोणी तुमच्या अंगाला हात लावणार असेल, तर आधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना विचारा. आणि हात लावणाऱ्याला सगळे सांगा. गरम लागते ते सांगा, लाल झाले ते सांगा, बूट चढत नाही ते सांगा. चांगले हात पुष्कळ जाणतात, पण न सांगितलेले त्यांनाही कळेलच असे नाही.

आता मला कोणी विचारत नाही, तरी सांगतो. माझी उजवीकडची शिवण उसवली आहे. पंप दाबून वर चढवले तरी मी हळूहळू खाली बसतो. आणि खिडकीशी थंडी वाजते.